फासे, पाहुणे आणि माझी मुलगी

ज्याची कधी कुणी सेवा केलेली नाही, त्याला ती करून घेणं किती कष्टाचं काम आहे ते कळायचं नाही. मला ते मागच्या उन्हाळ्यात कळलं, आणि माझी कंबर अजून दुखते.

सुरुवात थार्चिनने केली. थार्चिन आमच्या तळाचा गोबा, म्हणजे मुखिया. तो लेहला औषधं आणायला गेला आणि औषधांऐवजी बातमी घेऊन आला. सगळ्यांना आपल्या तंबूत बोलावलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "शिकलेली मुलं येणार आहेत. शहरांतली, परदेशातली. आपल्यात राहणार, आपलं जगणं शिकणार, आणि त्या बदल्यात आपली सेवा करणार."

"कसली सेवा?" मी विचारलं.

"ते आपणच सांगायचंय."

आपल्याला कशाची गरज आहे असं कुणी अचानक विचारलं की माणूस किती बावळट दिसतो, ते मी त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडावर बघितलं. शेवटी माझा शेजारी लुंगटोक म्हणाला, "माझा एक याक हरवलाय. गेल्या वर्षी."

"मला दात हवेत," उग्येन आजी म्हणाली. ती आमच्या तळावरची सगळ्यात म्हातारी बाई; तिला तोंडात दात नाहीत आणि बोलण्यात लगाम नाही.

मला राग आला. मला राग लवकर येतो. या पठारावर दुसरी करमणूक नाही. मी म्हणालो, "आपण आपली पोरं कळपामागून उचलून लेहच्या वसतिगृहात टाकली. का? तर इथे शिकण्यासारखं काही नाही असं आपल्याला सांगितलं म्हणून. आणि आता तिकडची शिकलेली पोरं इथे शिकायला येणार? मग आपली कशाला गेली?"

थार्चिन म्हणाला, "नोर्गे, चहा पी."

आमच्या तळावर अवघड प्रश्नाला हेच उत्तर मिळतं. मी त्या चहावर आख्खं आयुष्य काढलंय.

तो राग मी जपून ठेवणार होतो, हिवाळ्यापर्यंत पुरवणार होतो. पण दोन-चार दिवसांनी मी आणि माझी बायको यांगझोम खिंडीवर गेलो. फोन फक्त तिथेच लागतो, तेही वारा पडला असेल तर. आमची मुलगी सामकी चंदीगडला कॉलेजात असते; मला पाला म्हणते, म्हणजे बाबा. ती ओरडून सांगत होती, "पाला, त्या मुलांबरोबर मीपण येतेय! दुभाषी म्हणून! उन्हाळाभर तळावर!"

माझा राग खिंडीवरच राहिला. खाली उतरताना मी शोधलाही नाही.

तुम्हाला यात काय विशेष, असं वाटेल. मुलगी घरी येते, त्यात काय! पण सामकीला शाळेत घातलं तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. सुट्टी लागायची हिवाळ्यात, तेव्हा इकडची वाट बर्फात बंद. म्हणून बर्फ पडायच्या आधी आम्हीच लेहला जायचो आणि माझ्या मेहुणीच्या एका खोलीत तिला भेटायचो. यांगझोम तिला गादीवर बसवायची, कप भरायची, एक घोट घेतला की पुन्हा भरायची. मग सुट्टी संपायची. तिचं घर म्हणजे आमचा काळा तंबू, आणि त्यात ती मोठी झाल्यापासून एकदाही झोपली नव्हती.

आम्ही तयारीला लागलो. मी तंबूची फाटकी बाजू उसवून नव्या याक-लोकरीची पट्टी शिवली. ती वाकडी गेली. पुन्हा उसवली. लुंगटोक येऊन कमरेवर हात ठेवून बघत उभा राहिला आणि म्हणाला, "शिवतोयस की तंबूला शिक्षा करतोयस?" यांगझोमने वरच्या बाजूला, पाहुण्यांच्या जागी, लग्नातला गालिचा अंथरला. मी त्यावर बसलो तर मला उठवलं.

आणि मग फासे आले.

आमच्यात कुणाच्या कळपाने कुठल्या कुरणावर चरायचं, कुठे कुणाचा तंबू पडायचा, हे फाशांवर ठरतं. लाकडी वाटीत फासे खुळखुळवायचे, कातड्यावर वाटी पालथी आपटायची, जे दान पडेल ते पडलं. त्यावर वाद नाही, रडणं नाही, देवाकडे तक्रारही नाही. ही रीत आमच्या लोकांनी सीमेपलीकडून येताना बरोबर आणली. भांडी राहिली तिकडे, फासे आले. त्यामुळे पाहुणे कुणाकडे ठेवायचे हा प्रश्न आला, तेव्हा दुसरा विचार कुणाच्या डोक्यातच आला नाही. चांगलं कुरण सगळ्यांनाच हवं असतं, दलदल कुणालाच नको असते. पाहुण्यांचंही तसंच. थार्चिनने येणाऱ्यांची नावं वाचली आणि फासे काढले.

पहिलं नाव फ्लोरियान नावाच्या कुणाचं होतं. तो लुंगटोकच्या वाट्याला गेला. मग सामकीचं नाव आलं. मी वाटी अशी आपटली की थार्चिनच्या बायकोच्या चुलीवरचं भांडं उडालं. वाटी उचलली. सामकी माझी!

माझी मुलगी मला फाशांवर मिळाली, यात हसण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. मी उलट सगळ्यांकडे विजयी वीरासारखं बघितलं. उग्येन आजी म्हणाली, "अरे नोर्ग्या, तोंड मिट, माशी जाईल."

पाहुणे आले. दोन गाड्या, एवढ्या पिशव्या की आम्हाला वाटलं तेही भटके आहेत. त्यांची मुख्य ब्रिजेट नावाची बाई, उन्हाने लाल झालेली, सतत हात जोडणारी. तिने सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या भाषेत लांबलचक काही सांगितलं. सामकी तिच्या शेजारी उभी. वाढलेली, काळा चष्मा डोक्यावर सरकवलेला. तिने आम्हाला सांगायला सुरुवात केली, आणि मी नुसता तिचा आवाज ऐकत होतो, त्यामुळे शब्द जरा उशिरा कानात शिरले.

"...आणि कुणीही आपल्या नातेवाइकांकडे राहायचं नाही. त्यामुळे शिकणं नीट होत नाही. म्हणून सामकी, म्हणजे मी, लुंगटोक-लांकडे राहीन, आणि फ्लोरियान नोर्गे-लांकडे."

नोर्गे-ला! 'ला' म्हणजे 'जी'. बापाला नोर्गे-जी!

यांगझोमने हातातला चहाचा मोठा डबा खाली ठेवला. एवढंच. मला वाटलं ती काही बोलेल. ती फ्लोरियानकडे गेली, त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "चल बाळा."

आता फ्लोरियानबद्दल सांगतो. तो ताडासारखा उंच, आमच्या तंबूत कायम नमस्कार केल्यासारखा वाकून. तो मांस खात नाही. ठीक आहे, आमचे लामासुद्धा कधीकधी खात नाहीत. पण तो दूधही पीत नाही. लोणी नाही. चीज नाही. दही नाही. लोकरीचं पांघरूणसुद्धा नाही. जे जे म्हणून आमच्या तंबूत आहे ते सगळं त्याच्या मनाविरुद्ध आहे, तंबूसकट.

"आजारी आहे का?" यांगझोमने सामकीला विचारलं.

"नाही आमाला," सामकी आईला म्हणाली. "त्याला प्राण्यांची दया येते."

यांगझोमने बाहेर बघितलं. तिने आदल्या वसंतात आईने टाकलेली करडं स्वतःच्या अंगरख्यात घेऊन जगवली होती. "आणि मला काय येतं?" ती म्हणाली. पण ते तिने सामकीला भाषांतर करून सांगू दिलं नाही. त्याला सातूचं पीठ नुसत्या गरम पाण्यात कालवून दिलं, वर सुके जर्दाळू कुटून घातले, आणि तो खाताना तोंड फिरवून बसली. मला म्हणाली, "अनाथासारखा खातो रे."

मी म्हणालो, "हा दिलाय आपल्याला, आपली दिलीय तिकडे. हा कसला न्याय?"

"तू हळू बोल. त्याला समजेल."

"त्याला आपली भाषा येत नाही!"

"राग कळतो ना."

मी बाहेर गेलो. बाहेर त्याहून वाईट होतं. लुंगटोकचा तंबू आमच्यासमोरच, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. तिथे लुंगटोकची बायको काल्दोन माझ्या मुलीला शेण गोळा करायला शिकवत होती, आणि तिचा आवाज पठाराच्या त्या टोकापर्यंत जात होता. "अगं गाढवे, ते ओलं आहे! ओलं शेण चुलीत घालून काय सगळ्यांना धुरी देणार आहेस? कॉलेजात काय दगड शिकवतात?"

मी ताडताड तिकडे गेलो. "काल्दोन, गाढव कुणाला म्हणतेस?"

"तुला नाही, तुझ्या मुलीला. तू मध्ये का येतोस?"

सामकी शेणाची टोपली पाठीवर घेऊन हसत होती. "राहू दे ना पाला," ती म्हणाली. मला वाटलं, पोरगी शहाणी आहे, अपमान गिळते. काय त्या मूर्ख बापाची समजूत!

बाकीची मुलं सेवा करत होती. त्यांनी शेळ्यांसाठी दगडी कुंपण बांधायला घेतलं होतं. ते वाऱ्याच्या तोंडाशी होतं, दार चढावर होतं, आणि तसलं कुंपण आमच्याकडे आधीच होतं. पण मुलं इतकी खूश होती की कुणाला बोलवेना. अडचण वेगळीच झाली: ती फार भराभर बांधत होती. कुंपण संपलं तर उद्या काय सेवा द्यायची, या काळजीने थार्चिनची झोप उडाली. शेवटी मुलं जेवायला गेली की आम्ही मोठी माणसं गुपचूप जायचो, वरचे थर उतरवायचो आणि दगड लांब नेऊन टाकायचो. माझी कंबर तिथे गेली. सेवा करून घेणं म्हणजे काय, ते मी म्हणत होतो ना!

पण खरा घोटाळा पुढेच होता. तो उग्येन आजीने काढला. ती एका सकाळी थार्चिनच्या दारात जाऊन बसली आणि विचारलं, "म्हणजे पडलेलं दान बदलता येतं?"

"कुठलं दान?"

"नोर्गेला मुलगी पडली होती, लुंगटोकला तो उंच पाण्या-पिठाचा मुलगा. तुम्ही अदलाबदल केली. मग माझ्या वाट्याला शरदात ती दलदल आलीय, ती का नाही बदलत? माझ्या शेळ्यांच्या खुरांनी काय पाप केलंय?"

थार्चिनने चहा पुढे केला. आजीने तो घेतला नाही. आमच्या तळाच्या आठवणीत अवघड प्रश्नावरचा चहा कुणी परत केल्याचं हे पहिलंच उदाहरण.

दुपारपर्यंत ज्याला ज्याला वाईट कुरण आलं होतं तो प्रत्येक जण त्या दारात होता. नियम एकदा वाकला की वाकला. पाहुण्यासाठी वाकतो तर गवतासाठी का नाही? सगळी कुरणं पुन्हा फाशांवर घ्या! यात सगळ्यात घाबरला लुंगटोक, कारण ओढ्याकाठचं सगळ्यात चांगलं शरदाचं कुरण त्याला पडलं होतं. तो धावत माझ्याकडे आला.

"नोर्गे, घेऊन जा बाबा तुझी मुलगी. आत्ता. माझं कुरण जातंय."

"दे ना मग."

"काल्दोन सोडत नाही."

"म्हणजे?"

"म्हणते, ही पोर चुलीशी बसली की तंबू भरल्यासारखा वाटतो. आमची पोरगी कॅनडात आहे, तुला माहिताय. फोनवर पण दोन मिनिटं बोलते." त्याने मागे वळून आपल्या तंबूकडे बघितलं. "पण काल्दोनचं मी बघतो. तू त्या बाईचा नियम मोडून दाखव."

मी पुढचं काही ठरवायच्या आत सामकीने आणखी एक पराक्रम केला. संध्याकाळी शेळ्यांचं दूध काढताना आम्ही त्यांना समोरासमोर उभं करून, माना एकमेकींत अडकवून, एकाच लांब दोरात गुंफतो. गुंफण अशी असते की दूध संपलं की दोराचं टोक एकदा ओढायचं, अख्खी रांग आपोआप मोकळी. सामकीने गुंफण नीट केली, पण शेळ्या सुटू नयेत म्हणून मध्ये मध्ये पक्क्या गाठी मारून ठेवल्या. काल्दोनने टोक ओढलं. काही सुटलं नाही. तिने जोर लावला. शेळ्या बिथरल्या, आणि सगळी रांग, माना अडकलेल्या तशीच, अर्धी पुढे धावणारी आणि अर्धी मागे, एका जिवाने ब्रिजेटच्या तंबूवरून गेली. ब्रिजेट आत होती. बाहेर आली तेव्हा ती हात जोडून सगळ्यांना "ताशी देलेक, ताशी देलेक" म्हणत होती, म्हणजे नमस्कार. तेवढीच आमची भाषा तिला येत होती.

काल्दोनने सामकीला ज्या शिव्या घातल्या त्या मी लिहीत नाही. सामकी पुन्हा हसत होती. माझी मुलगी, आणि दोर गुंफायला परक्या तंबूत शिकते! माझ्या बापाने मला शिकवला तो दोर!

मी लुंगटोकला म्हणालो, "सांग, नियम कसा मोडायचा?"

त्याने उपाय तयारच ठेवला होता. "नियम नातेवाइकांसाठी आहे ना? मग म्हण की ती तुझी नातेवाईक नाही."

"तळावरच्या प्रत्येकाला माहिताय!"

"त्या बाईला फक्त कागद माहिताय, आणि कागदात चूक असू शकते. एकदा सगळ्यांसमोर म्हण. तिने हो म्हटलं की दान जसं पडलं होतं तसं राहिलं. आजी गप्प, माझं कुरण सुरक्षित, तुझी पोरगी तुझ्या तंबूत."

आम्ही थार्चिनला विचारलं. आमचा गोबा खोटं बोलत नाही. तेवढ्यासाठीच त्याला गोबा केलाय. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "मी त्या वेळी माळ ओढत असेन. माळ ओढताना मला ऐकू येत नाही."

यांगझोमला मी काही सांगितलं नाही. ती सगळ्यात हुशारीची गोष्ट केली असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरणांवर पुन्हा फासे टाकायचे की नाही ते ठरवायला सगळे थार्चिनच्या तंबूत जमले. उग्येन आजी फाशांच्या वाटीला खेटूनच बसली होती. ब्रिजेट आली, शेजारी सामकी. थार्चिनने माळ काढली. मी उभा राहिलो. आवाज मी मोठा ठेवला.

"मॅडमना सांगायचंय. नियम म्हणतो नातेवाइकांकडे राहायचं नाही. मान्य. पण ही मुलगी," मी बोट दाखवलं, "ही मुलगी माझी कोणी लागत नाही."

थार्चिन एवढ्या जोरात मणी ओढत होता की माळ तुटायची.

ब्रिजेटने हसून सामकीकडे बघितलं. आता सामकीने सांगायचं होतं.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शपथेवर सांगतो. सगळं ठरवलं, कुणी काय बोलायचं ते ठरवलं, आणि मधली दुभाषी कोण हे लुंगटोकच्याही लक्षात आलं नाही. माझं वाक्य तिला तिच्या तोंडाने बोलायचं होतं. हा माणूस म्हणतो, मी त्याची कोणी नाही.

सामकी माझ्याकडे बघत होती. ब्रिजेटने काहीतरी विचारलं. बहुतेक, काय म्हणाला? सामकीने मान हलवली.

"सांग ना," मी म्हणालो. माझा आवाज आता मोठा राहिला नव्हता.

"पाला, मला नाही सांगता येत."

तेवढ्यात दाराचा पडदा उडाला. यांगझोम! दूध काढता काढता कुणीतरी जाऊन तिला सांगितलं होतं, आणि ती हातात दुधाची चरवी तशीच घेऊन आली होती, बाह्या वर, कपाळावर शेळीचे केस.

"कोण कोणाचं कोणी लागत नाही?" तिने विचारलं.

"यांगझोम, हे फक्त नियमासाठी..."

"नियम? मी काय पोटात सातूचं पोतं वागवलं होतं? बर्फात, याकवर बसून, खिंड उतरताना मला कळा आल्या, तेव्हा तू काय करत होतास? याकला शिव्या देत होतास! आणि आज म्हणे कोणी नाही!" मग ती ब्रिजेटकडे वळली आणि दुधाची चरवी वर धरून म्हणाली, "आणि बाई, तुमचा नियम गेला खड्ड्यात. जनावरसुद्धा पिल्लू ओळखतं. तुमच्या कॉलेजात ते शिकवत नाहीत का?"

ब्रिजेट हात जोडून उभी राहिली. "ताशी देलेक," ती म्हणाली.

"आमाला, तिला नको बोलूस," सामकी म्हणाली. ती रडत होती. "तिचा काही नियम नाहीये. मीच केला."

थार्चिनची माळ थांबली. त्याला पुन्हा ऐकू यायला लागलं.

"तिला तर वाटत होतं मी घरीच राहीन," सामकी म्हणाली. "मीच तिला म्हटलं, मला दुसरीकडे ठेव. तुम्हाला सांगताना ते नियम म्हणून सांगितलं."

मला वाटलं, आता कळलं. तिला आमची लाज वाटते. पाण्या-पिठाच्या मुलासमोर, कॉलेजातल्या मुलांसमोर. वाटणारच. मी खाली बसलो.

"का गं?" यांगझोमने विचारलं. तिचा आवाज एकदम खाली आला होता.

"मला काही येत नाही आमाला. दूध काढता येत नाही, दोर गुंफता येत नाही, ओलं शेण कुठलं आणि सुकं कुठलं कळत नाही. मी घरी आले असते तर तू मला वर बसवलं असतंस. गालिच्यावर. कप भरला असतास. मावशीच्या खोलीत बसवायचीस तशी. तू मला आजवर कधी ओरडली नाहीयेस. एकदाही नाही." तिने नाक पुसलं. "काल्दोन-ला मला दिवसभर गाढव म्हणते. मला वाटलं, तिच्याकडून सगळं शिकेन, मग घरी येईन. मग तुला मला वर बसवायला लागणार नाही."

काल्दोन कोपऱ्यात बसली होती. तिने डोळ्याला बाही लावली आणि मग कुणी बघितलं का ते बघितलं. लुंगटोकने छताकडे बघितलं. ब्रिजेटला काही कळलं नव्हतं, पण तिचे डोळे भरले होते. काही माणसांना भाषा लागत नाही. तिच्याबद्दल मी जे काही बोललो होतो त्यातलं अर्धं परत घेतो.

पण उग्येन आजीला कसली आलीय हळवेपणाची सवड! ती म्हणाली, "ते सगळं ठीक आहे. माझ्या दलदलीचं काय?"

थार्चिनने घसा साफ केला. तो चहा मागेल असं सगळ्यांना वाटलं. त्याने मागितला नाही.

"फासे कशावर टाकले होते?" तो म्हणाला. "पाहुण्यांवर. सामकी पाहुणी आहे का? नाही. जी पाहुणी नाही तिच्यावर टाकलेलं दान पडलंच नाही. जे पडलंच नाही ते बदललं कसं? फ्लोरियान नोर्गेच्या दारात आला, त्याने ठेवून घेतला, लुंगटोकने सोडला. तो शेजाऱ्यांचा आपसातला मामला. दान एकही बदललेलं नाही. कुरणं आहेत तिथे आहेत."

"आणि माझ्या शेळ्यांचे खूर?"

"आजी, कुंपणाचे दगड उचलून आपण दलदलीत पायवाट घालू. मुलांनाही सांगू. त्यांना काम हवंच आहे."

अशा रीतीने त्या उन्हाळ्यात एक खरी सेवा झाली. ती पायवाट अजून आहे. आजी रोज तिला नावं ठेवते.

काल्दोनशी बोलायला यांगझोम एकटी गेली. काय बोलली ते मला सांगितलं नाही. परत आली तेव्हा ठरलं होतं: सकाळचं दूध सामकी काल्दोनकडे काढेल, रात्री आमच्याकडे राहील. काल्दोनने दारातून ओरडून सांगितलं, "आणि उशीर केलास तर तंगडं मोडेन!" सामकी खुशीत होती. मी आता काल्दोनला काही म्हटलं नाही.

संध्याकाळी सामकी आली. मी वाकड्या शिवणीच्या बाजूला बसलो होतो. फ्लोरियान वर, गालिच्यावर, जर्दाळू आणि पीठ घेऊन. यांगझोमचा हात सवयीने त्याच्या शेजारची जागा झाडायला निघाला, आणि मध्येच थांबला. सामकी दाराशी, शेणाच्या पोत्याजवळ बसली. आमच्यात घरातली पोरं तिथेच बसतात. आग त्यांनीच राखायची असते. कुणी सांगितलं नव्हतं. तिने पोत्यात हात घातला आणि दोन्ही मुठी भरून चुलीत टाकलं.

धुराचा असा लोट उठला की मला माझेच गुडघे दिसेनात. फ्लोरियान खोकायला लागला. मी तंबूचं छिद्र मोठं करायला उठलो आणि कपाळ खांबावर आपटलं.

यांगझोम उभी राहिली. मी तिचं तोंड बघत होतो. ते उघडलं, मिटलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. मला खोकला येत होता, आणि ते माझं काम नव्हतं.

"अगं," ती म्हणाली. आवाज अगदी लहान, जशी कुणाच्या तंबूत उसनं मागायला गेलीय. "अगं, एवढं कुणी घालतं का?"

सामकी चुलीशी ओणवी, हललीसुद्धा नाही.

"एवढं कुणी घालतं का म्हणते मी!" आता आवाज चढला. "कार्टे! डोळे आहेत की भोकं? ते पोतं हिवाळ्यापर्यंत पुरवायचंय! एवढी घोडी झालीस आणि चूल कळत नाही? बाजूला हो! आणि तो चष्मा काढ डोक्यावरचा, जळेल! बापावर गेलीय नुसती, बापावर!"

ती ओरडत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अर्थात धूर होताच. तिने सामकीच्या हातातून चिमटा ओढून घेतला, पाठीत एक धपाटा घातला, आणि पुढे इतक्या वर्षांचं जे जे साठलं होतं ते सगळं काढलं: पत्रं लिहीत नाहीस, केस कापलेस ते कुणाला विचारून, हाडं निघालीयत अंगाची, खातेस काय तिकडे. सामकी चुलीजवळ गुडघ्यांत डोकं घालून बसली होती आणि तिचे खांदे गदगदत होते. हसत होती की रडत होती, मला धुरात कळलं नाही.

बिचारा फ्लोरियान मात्र घाबरला. त्याने सामकीला हळूच काही विचारलं, तिने मुंडी न उचलता एक शब्द सांगितला. त्याला तो पटलेला दिसला नाही. घरात भांडण लागलंय, आपण इथे नको, असं समजून तो वाकून वाकून आपली पिशवी गोळा करायला लागला.

यांगझोमने ओरडणं मध्येच थांबवलं, त्याला दंडाला धरून पुन्हा गालिच्यावर बसवलं आणि त्याच्या कपात गरम पाणी ओतलं.

"तू बस रे बाळा," ती म्हणाली. "तू पाहुणा आहेस. तुला कोण ओरडतंय?"

आणि पुन्हा पोरीकडे वळली.